रडू येतं ते चीजबर्गरपाशी

२०१९ च्या एप्रिलमधली गोष्ट. भाचा चौथीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता, म्हणून त्याला ‘अव्हेंजर्स: एंडगेम’ या सुपरहिरोंच्या सिनेमाला नेलं. दुपारचा खेळ, हिंदीत डब केलेला. सांगलीत एप्रिलच्या दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, त्यामुळे तीन तास एसीत बसायला मिळणार एवढाच माझा त्यात स्वार्थ होता. शेवटच्या अर्ध्या तासात पोरानं माझा दंड धरला तो दिवे लागेपर्यंत सोडला नाही. बाहेर आल्यावर रसवंतीत नेलं. रसाचा ग्लास त्याच्यासमोर तसाच राहिला. बर्फ विरघळून वर पाणी आलं तरी त्यानं हात लावला नाही.

घरी आई जुन्या साडीवर बेदाणे पसरून निवडत बसली होती. पोराचे डोळे बघून म्हणाली, “काय रं, मामानं मारलं व्हय?”

“आयर्न मॅन मेला.”

“कोण मेला?”

मी समजावून सांगितलं. “आगं बाई, पिक्चरातला व्हय! मला वाटलं वर्गातलं कोण पोरगं गेलं,” म्हणाली आणि बेदाण्यातली काडी उचलून बाजूला टाकली. तिच्यापुरता विषय मिटला. हीच आई, दूरदर्शनवर महाभारत लागायचं त्या काळात, कर्णाच्या रथाचं चाक रुतलं त्या रविवारी भाकरी टाकायला उठली नव्हती. आम्ही तीन वाजता जेवलो होतो. अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. घरात राहायचं असतं.

मी विम्याची कामं करतो. माणूस गेल्यावर त्याच्या घरी जाऊन कागद भरून घेणं हा त्या कामाचाच भाग: मृत्यूचा दाखला, वारसाचं नाव, मूळ पॉलिसी, रद्द केलेला चेक. इतकी वर्षं इतक्या घरांत बसून एक गोष्ट मला दिसत आली आहे. ‘कसे गेले’ हे सांगताना माणसं सहसा रडत नाहीत. ते शंभर जणांना सांगून झालेलं असतं, त्याची आता गोष्ट झालेली असते. रडू फुटतं ते भलत्याच ठिकाणी. पॉलिसीच्या फायलीतून वाणसामानाची जुनी यादी निघते, गेलेल्याच्या अक्षरातली, ‘तूरडाळ २ किलो, आईचा बाम’, आणि इतका वेळ धीरानं सह्या करणारी बाई पदर तोंडाला लावते. सुपरहिरोच्या मरणाचं लोकांना, लहानांना आणि मोठ्यांनाही, एवढं का लागतं ते मला या फायलींच्या बाजूनंच समजत गेलं.

आधी मूळ पेच बघू. सिनेमा खोटा आहे हे नऊ वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. आयर्न मॅन म्हणजे रॉबर्ट डाउनी ज्युनिअर, तो आपल्या घरी धडधाकट आहे, ज्वाळा आणि राक्षस संगणकावर काढलेले असतात, हे भाच्यानंच मला सांगितलं होतं. मग रडू कसलं? व्हॉट्सॲपवर एखादा नट गेल्याची बातमी येते, पोटात कालवतं, दहा मिनिटांनी कळतं की अफवा होती. दुःख जागच्या जागी संपतं, उलट मेसेज पाठवणाऱ्याचा राग येतो. म्हणजे खोटं कळलं की रडणं थांबायला हवं. सिनेमा खोटा आहे हे तर तिकीट काढतानाच ठाऊक असतं, तरी ते थांबत नाही. कॉलिन रॅडफर्ड या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९७५ मध्ये टॉलस्टॉयच्या ॲना कारेनिनाचं उदाहरण घेऊन हाच प्रश्न मांडला. त्याचा निष्कर्ष असा की हे रडणं माणसाला स्वाभाविक आहे, पण तर्काला धरून नाही. तत्त्वज्ञ मंडळी तेव्हापासून त्यावर वाद घालताहेत.

मला स्वतःला आपल्याकडचं उत्तर जास्त पटतं. सांगलीत राहून नाटकाचा वारा लागला नाही असं होत नाही. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथंच, म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन. मीही कॉलेजात असताना हौशी नाटकांत भाला धरून उभा राहिलोय. तालमीला एक म्हातारे सर यायचे, ते चहा पिता पिता भरताचं नाट्यशास्त्र सांगायचे. म्हणायचे, शोक वेगळा आणि करुण वेगळा. शोक घरात होतो, करुण नाट्यगृहात. उसाचा गूळ होतो तसा शोकाचा करुण रस होतो, मधे काहिलीत बरंच काही जळून जातं.

जळून काय जातं, तर हे दुःख नक्की कुणाचं, हा हिशोब. काश्मीरच्या भट्टनायकानं याला साधारणीकरण म्हटलं आणि हजारेक वर्षांपूर्वी अभिनवगुप्तानं ते आणखी खोलात नेलं. नाटक बघताना समोरचं दुःख माझं आहे असं वाटत नाही, नाहीतर मी उठून पळालो असतो. ते परक्याचं आहे असंही वाटत नाही, नाहीतर मला जांभई आली असती. मालकी सुटलेलं, मोकळं झालेलं दुःख तेवढं उरतं, आणि त्याची चव घेता येते. रस या शब्दात चव आहेच. रडून आलेला प्रेक्षक ‘मस्त होता पिक्चर’ म्हणतो तो त्यामुळे.

यात मी माझ्या धंद्यातली एक भर घालतो. घरात माणूस जातो तेव्हा जवळच्यांना रडायला सवड नसते. सामान आणायला कोण गेलंय, पुण्याचा धाकटा कुठवर आला, डॉक्टरांचा कागद कुणाच्या खिशात आहे, भजनी मंडळाला सांगितलं का. थोरल्या मुलाला तर तेरा दिवस मान वर करायला फुरसत नसते. सिनेमागृहात यातलं एकही काम तुमच्या अंगावर नसतं. अंधार, खुर्ची आणि बंद केलेला फोन. घरी वाटेतच अडलेलं जे काही असतं त्याला तिथं वाट मिळते. पडद्यावर टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, मरत असताना पुढच्या रांगेतला पन्नाशीचा माणूस नाक ओढत असेल, तर तो कुणासाठी रडतोय हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही.

मग एवढे सिनेमे असताना याच मरणांचं एवढं का, तर ओळखीमुळे. टीव्ही घराघरांत शिरू लागला होता त्या काळात, १९५६ मध्ये, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांच्या एक गोष्ट लक्षात आली. पडद्यावरून रोज थेट आपल्याकडे बघून बोलणारा माणूस लोकांना हळूहळू ओळखीचा वाटू लागतो, आणि ती ओळख खरीखुरी असल्यासारखी काम करते, फक्त एका बाजूनं. त्यांनी तिला पॅरासोशल म्हटलं. आपण एकतर्फी ओळख म्हणू. मन ओळखीच्या माणसांच्या दोन वह्या ठेवत नाही, एक खऱ्यांची आणि एक पडद्यावरच्यांची. ज्याचा चेहरा वारंवार दिसला, आवाज ऐकला, खोडी कळली, तो एकाच वहीत जातो. आमच्या आईनं एका मालिकेतल्या सुनेला जेवता जेवता दिलेले सल्ले मी ऐकलेत. त्या मुलीनं एकही ऐकला नाही, याचा आईला खरोखरचा राग आहे.

आता भाच्याचा हिशोब करा. पहिला ‘आयर्न मॅन’ आला २००८ मध्ये, भाचा २००९ चा. आयर्न मॅन नव्हता असं एकही वर्ष त्यानं पाहिलेलं नाही. पाण्याच्या बाटलीवर तो, दप्तरावर तो, झोपायच्या चड्डीवर तो. त्याचा सख्खा काका दुबईला असतो, दोन वर्षांतून एकदा येतो. तास मोजले तर पोरानं काकापेक्षा टोनी स्टार्कला जास्त पाहिलंय. अकरा वर्षांत आणि वीसेक सिनेमांत पसरलेलं एवढं लांब कथानक सिनेमात क्वचितच झालं असेल. मोठ्या पडद्यावर पूर्वी नायक तीन तासांत भेटायचा आणि तीन तासांत मरायचा. इथं तो लोकांबरोबर मोठा झाला. जे कॉलेजात पहिला भाग बघून आले ते शेवटचा भाग पोरं घेऊन बघायला गेले, म्हणजे त्या अकरा वर्षांत स्वतःचंही काही संपलेलं असतं.

आता तो प्रसंग जरा जवळून बघू, कारण कारागिरी तिथं आहे. थॅनोस हा खलनायक, त्याच्या हातातले अफाट ताकदीचे मणी टोनी आपल्या हातमोज्यावर ओढून घेतो आणि चुटकी वाजवतो. त्याआधी तो एवढंच म्हणतो की मी आयर्न मॅन आहे. पहिल्या सिनेमाचं शेवटचं वाक्यही हेच होतं, तेव्हा मिरवण्यासाठी म्हटलेलं. त्या चुटकीनं शत्रूची राख होते, पण ती ताकद त्यालाही जाळते. नंतर तो एका ढिगाऱ्याला टेकून बसतो. उजवी बाजू जळालेली. आणि गप्प. मला तर इथंच धस्स झालं, कारण हा माणूस अकरा वर्षांत कधी गप्प बसला नव्हता. बॉम्ब पडत असतानाही याची टवाळी चालू. बडबड्या माणसाचा आवाज बंद करणं, हे त्याला जळालेला दाखवण्यापेक्षा जास्त भयंकर आहे. आधी मित्र येतो. मग स्पायडरमॅन झालेलं पोरगं येतं आणि सांगत राहतं की आपण जिंकलो, आपण जिंकलो. मग बायको येते, तिचं नाव पेपर. ती ‘मरू नकोस’ म्हणत नाही. आम्ही नीट राहू, तू आता आराम कर, असं म्हणते. छातीवरचा दिवा फडफडतो आणि विझतो.

घशात आवंढा अडकतो तो साधारण इथं. त्याचं कारण शरीरात आहे. रडू येऊ लागलं की शरीर जास्त हवा आत घ्यायला बघतं, त्यासाठी घशातली श्वासाची फट रुंद होते. आपण मात्र चारचौघांत रडायचं नाही म्हणून गिळत राहतो, आणि गिळायचं तर तीच फट मिटावी लागते. दोन्हीकडून ओढाताण, तिचा गोळा.

पण बहुतेक लोकांचा बांध इथं फुटत नाही. पुढे तळ्यात फुलं सोडतात, त्यावर टोनीच्या छातीतलं, त्याला जगवणारं जुनं यंत्र ठेवलेलं, ‘टोनी स्टार्कला हृदय आहे याचा पुरावा’ असं लिहिलेलं. पहिल्या सिनेमात पेपरनं हे थट्टेनं करून दिलं होतं. जमलेल्या माणसांवरून कॅमेरा संथ फिरतो, कुणी बोलत नाही. आणि मग ओसरीवर त्याची लहानगी मुलगी आणि हॅपी, म्हणजे टोनीचा जुना ड्रायव्हर, दोघंच बसलेले. हॅपी विचारतो, भूक लागली का. ती म्हणते, चीजबर्गर. हॅपी क्षणभर थांबतो आणि सांगतो की तुझ्या बाबालाही ते आवडायचे. बस्स. २००८ च्या सिनेमात टोनी तीन महिन्यांच्या कैदेतून सुटून येतो तेव्हा त्याला पहिल्यांदा हवा असतो तो चीजबर्गर, आणि गाडी चालवत असतो हॅपी. पोरीला यातलं काही माहीत नाही. हॅपीला माहीत आहे, आणि आपल्याला. माझ्या दंडावरची बोटं इथं घट्ट झाली होती. वाणसामानाच्या यादीनं जे केलं तेच हे.

आपल्या पोवाड्यांना ही कळ फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी कोंढाण्यावर पडले हा इतिहास झाला. पोवाडा ऐकताना गलबलून येतं ते घोरपडीच्या किंवा ढाल तुटल्याच्या कडव्याला येत नाही, तिथं अंगावर काटा येतो. गलबलतं ते रायबाच्या लग्नापाशी. घरी मांडव पडायचाय, अक्षतांचं आमंत्रण घेऊन माणूस राजाकडे आलाय आणि म्हणतो आधी लगीन कोंढाण्याचं. गड कळतो, स्वराज्य कळतं, पण थांबलेलं लग्न पोटात जातं, कारण मांडव प्रत्येकाच्या घरी पडलेला असतो.

आमचे आबा २०२३ मध्ये गेले. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला, कावळे चिक्कार, एक शिवेना. मोठ्यांनी एकेक करून हात जोडून शब्द दिले, आईला सांभाळू, शेताचं वाटप नीट करू. अर्धा तास गेला. भाचा तोवर चौदाचा झाला होता, तो हळूच म्हणाला, “आबांना भडंग लागायचा ना संध्याकाळी.” कुणीतरी गाडीवर जाऊन पुडा आणला. कावळ्यानं काय केलं ते सोडा. तो पुडा फोडताना सगळे रडले, वाटपावरून बोलणं बंद असलेले दोघं चुलतेसुद्धा.

मरण दाखवायचं किती, यावरही जुन्या लोकांनी विचार केला होता. नाट्यशास्त्र सांगतं की युद्ध, राज्य जाणं, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी प्रत्यक्ष रंगमंचावर आणू नयेत, दुसऱ्याच्या तोंडून कळवाव्यात. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन प्रेक्षकांदेखत प्राण सोडतो, पण ते अपवाद. मला यात सोवळेपणापेक्षा धंद्याची अक्कल दिसते. मरणारा एकदाच मरतो, त्याच्याकडे बघून करण्यासारखं काही नसतं. बातमी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र बरंच काही घडतं. चांगला दिग्दर्शक नायक पडल्यावर कॅमेरा भोवतीच्यांकडे वळवतो तो याचसाठी.

आणि शेवट आधी कळला तर मजा जाते, यावर माझा विश्वास नाही. सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी नाटकाचं नावच ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ ठेवलं. २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरचा सिनेमा आला, काय होणार हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोराला ठाऊक, तरी लोक डोळे पुसत बाहेर आले. इतिहासातल्या खऱ्या माणसाचं मरण आणि काल्पनिक सुपरहिरोचं मरण एका तागडीत घालायचं नाही. एवढंच म्हणायचंय की दुःखाला रहस्याची गरज लागत नाही.

सुपरहिरोंच्या गोष्टींत मरणाला नेमून दिलेली कामंही आहेत. एक मरण नायक घडवतं: ब्रूस वेनचे आईबाप गेले नसते तर बॅटमॅन झाला नसता, बेनकाका गेले नसते तर स्पायडरमॅन नुसता उड्या मारत राहिला असता. दुसरं मरण नायकाची मर्यादा दाखवतं. १९७३ च्या कॉमिकमध्ये स्पायडरमॅनची मैत्रीण ग्वेन स्टेसी पुलावरून पडते, तो जाळं टाकून तिला धरतोही, आणि तरी ती मेलेली असते. एवढी ताकद असून वेळेवर पोचता आलं नाही, हे दुःख कुठल्याही दवाखान्याच्या बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला कळतं. तिसरं मरण खुद्द नायकाचं. ज्याला काही होत नाही अशी आपली खात्री असते, तोच जातो. पोरांना आपला बापही तसाच वाटतो, ठरावीक वयापर्यंत.

इथं माझ्या बहिणीची तक्रार नोंदवतो, नाहीतर ती हे वाचून फोन करेल. ‘एंडगेम’मध्ये आयर्न मॅनच्या आधी ब्लॅक विडो जाते. व्होर्मिर ग्रहावर एक मणी मिळवायला एकाचा जीव द्यावा लागणार असतो, ती आणि तिचा मित्र हॉकआय मरायला कोण जाणार यावरून झटापट करतात, आणि ती कड्यावरून स्वतःला सोडून देते. तिच्यासाठी काय, तर तळ्याकाठी दोन-चार मिनिटांची शोकसभा, की लगेच कामाला लागा. फुलं नाहीत, रांगेनं उभी माणसं नाहीत. “बाईमाणूस गेलं की कामं काय थांबत नाहीत,” ताई म्हणाली. तिची बाजू बरोबर आहे असं मला वाटतं. २०२१ मध्ये आलेल्या ब्लॅक विडोच्या स्वतंत्र सिनेमात, नामावली संपल्यावर, तिच्या थडग्यापाशी बहीण उभी असलेली दाखवली, ती उशिरा केलेली भरपाई.

मरण स्वस्त केलं की काय होतं, हेही सुपरहिरोंच्या याच धंद्यात दिसतं. नोव्हेंबर १९९२ मध्ये कॉमिकमध्ये सुपरमॅन मारला, त्या अंकाच्या पाकिटात हाताला बांधायची काळी पट्टीसुद्धा दिली. वर्षभरात तो परत. त्याहून भारी किस्सा १९८८ चा. बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, जेसन टॉड, स्फोटात सापडतो, आणि तो जगावा की मरावा यासाठी वाचकांना फोनवर मत द्यायला सांगितलं. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. पुढे २००५ मध्ये तेही परत आणलं. वुल्व्हरिन या हिरोचं तर फार वाईट वाटलं. ह्यू जॅकमन २००० पासून ते काम करत होता. २०१७ च्या ‘लोगन’मध्ये जखमा भरून येण्याची त्याची ताकद आटत चाललेली, चष्मा लावून वाचणारा म्हातारा हिरो. शेवटी त्याच्याबरोबरची लहान मुलगी त्याच्या थडग्यावरचा क्रॉस उपटून तिरका लावते, फुलीसारखा, त्याच्या एक्स-मेन टोळीची खूण म्हणून. इतका नेटका निरोप मी दुसरा पाहिलेला नाही. २०२४ मध्ये डेडपूल या थट्टेखोर हिरोबरोबर त्याच भूमिकेत जॅकमनला परत आणलं, आणि सिनेमाची सुरुवातच ते थडगं उकरून. विनोद आहे हे कळतं मला. तरी दहावा घातलेल्या माणसाची हाडं काढून खेळू नये.

लहान मुलांच्या बाबतीत हा प्रश्न जरा नाजूक होतो. हंगेरीतल्या मारिया नॅगी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४८ मध्ये मुलांच्या मरणाविषयीच्या समजुतींवर अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी लहान पोरांना मरण म्हणजे लांब जाणं किंवा झोपणं वाटतं, म्हणजे परत येता येतं. पुढे हळूहळू कळतं की मेलेला परत येत नाही, त्याचं शरीर चालायचं थांबतं, आणि हे सगळ्यांना होतं, मलासुद्धा. नंतरच्या अभ्यासांत हे कळण्याचं वय बहुतेक पाच ते सातच्या आसपास आढळलं. आता अशा पोरानं २०१८ चा ‘इन्फिनिटी वॉर’ पाहिला, त्यात थॅनोस एका चुटकीत अर्धी सृष्टी राख करतो आणि स्पायडरमॅन टोनीच्या मिठीत विरून जातो. वर्षभरानं ते सगळे परत. भाच्यानं त्या रात्री मला विचारलं, “मामा, पुढच्या पार्टात येईल ना?” मी विम्याचा माणूस, पण पटकन ‘नाही’ म्हणता आलं नाही. उत्तर त्यानंच शोधलं: “चुटकीनं गेलेले चुटकीनं आले. पण हा चुटकी वाजवून गेलाय.” सिनेमानं हा फरक नीट ठेवला होता आणि पोरानं तो उचलला होता. अशा वेळी ‘येईल की’ म्हणून वेळ मारून नेण्यात अर्थ नसतो. २०२४ मध्ये जाहीर झालं की डाउनी परत येणार, पण डॉक्टर डूम या खलनायकाच्या भूमिकेत. भाचा म्हणाला, “तोंड तेच आहे, माणूस वेगळाय.”

आणि कधीकधी गोष्टीतलं मरण आणि खरं मरण एकमेकांत मिसळतं. ब्लॅक पँथरचं काम करणारा चॅडविक बोसमन २८ ऑगस्ट २०२० ला मोठ्या आतड्याच्या कर्करोगानं गेला. आजाराचं त्यानं बाहेर कळू दिलं नव्हतं. नवा नट न घेता २०२२ च्या पुढच्या सिनेमात राजा टी’चाला, म्हणजे ब्लॅक पँथर, आजारानंच गेला असं दाखवलं, तेही पडद्याआड. आपण बघतो ती त्याची बहीण शुरी, एवढी मोठी शास्त्रज्ञ, औषध बनवायला धडपडते आणि पुरी पडत नाही. मग अंत्ययात्रा. सगळे पांढऱ्या कपड्यांत. हॉलिवूडच्या अंत्यविधीत आपल्याला काळे सूट बघायची सवय, त्यामुळे तो पांढरा रंग बघून मला एकदम घाटावर उभं असल्यासारखं झालं. तिथं पडद्यावरचे नटही खऱ्या मित्रासाठी रडत होते. त्या दुःखाची मालकी सुटलेली नव्हती, आणि तरी ते आपल्यापर्यंत पोचलं. भट्टनायकाचा नियम इथं मला जरा तोकडा वाटतो.

राहता राहिली आईची ती ‘पिक्चरातला व्हय’. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये अशा दुःखावर पुस्तक काढलं ज्याला भोवतीचे लोक दुःख मानतच नाहीत. कुत्रं मेलं, पोटातलं मूल गेलं, जिच्याशी लग्न झालं नव्हतं ती गेली. रडायचा हक्कच नसतो, सांत्वनाला कुणी येत नाही, त्यामुळे ते बुजतं आणि आत राहतं. सिनेमातला हिरो या यादीत सगळ्यात खाली येईल, आणि आपल्याकडे मुलग्याला वर ‘पोरीसारखा काय रडतोस’ हेही ऐकावं लागतं. पण नऊ वर्षांच्या मुलाला ज्याचं जाणं कळलं असं ते पहिलं माणूस होतं. आबांच्या वेळी त्याला भडंग आठवला, तो चार वर्षं आधी त्या अंधारात काही शिकला होता म्हणून, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं महाभारत पुन्हा लावलं. ताई आणि भाचा आमच्याकडेच अडकले होते. आई रोज वेळेवर टीव्हीसमोर, मांडीवर कसलंतरी निवडायचं ताट. चाक रुतायचा भाग आला तेव्हा भाचा शेजारी मोबाइलवर खेळत बसला होता. आईचा हात ताटात थांबला. तिनं नाक ओढलं. भाच्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. माझ्या मनात आलं, आता हा म्हणणार, ‘आजी, पिक्चरातला व्हय?’

त्यानं मोबाइलचा आवाज बंद केला आणि उठून तिला पाणी आणून दिलं.